दाते मोजून झाले, सायकल कधी चालवणार?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या बाईंचं वय ५१, काम हिशेब तपासणीचं. शाळेत असताना भावाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून त्या शिकल्या. कॉलेज संपलं आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आहे आणि तिची गिअरची सायकल घरात पडून आहे. दोनदा बाहेर काढली. पहिल्यांदा गुडघे पुढून दुखले, दुसऱ्यांदा चढावर गिअर बदलताना चेन पडली आणि हात काळे करून सायकल ढकलत घरी आणावी लागली. शेजारचा एक गट दर रविवारी ४० किलोमीटर जातो, त्यांचं बोलावणं आहे. पण त्यांची भाषाच कळत नाही. गेले दोन महिने त्या सायकलवर फक्त वाचताहेत. "समजल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, तसंच सायकल पूर्ण समजल्याशिवाय रस्त्यावर नेणार नाही," असं त्या लिहितात. प्रश्न असा: ही सायकल विकून बिनगिअरची साधी घ्यावी, गटातले सांगतात तशी हलकी महागडी घ्यावी, की या वयात हा नाद सोडून द्यावा?

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा हसले, दोन्ही वेळा कौतुकाने. पहिल्यांदा, तुम्ही खडूने खूण करून पुढच्या तिन्ही आणि मागच्या आठही चक्रांचे दाते मोजलेत तिथे. पुढे ४८, ३८, २८. मागे ११ पासून ३२ पर्यंत. वर्षानुवर्षं सायकल हाणणाऱ्या किती जणांना आपल्या सायकलचे दाते सांगता येतील? मला तर तुमचं पत्र वाचून गॅलरीत जाऊन मोजावे लागले. दुसऱ्यांदा हसले ते सहीच्या वाक्याला.

त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमची खरी अडचण मला तिथे दिसते. सायकल पूर्ण समजणं म्हणजे नेमकं किती समजणं? तोलाचंच बघा. उजवीकडे वळायचं तर हॅन्डल उजवीकडे वळवायचं, असं तुम्हीही सांगाल आणि मीही सांगितलं असतं. प्रत्यक्षात आपण आधी क्षणभर, कळेल न कळेल असं, हॅन्डल डावीकडे नेतो. त्याने चाकं शरीराखालून डावीकडे सरकतात, सायकल उजवीकडे झुकते आणि मग हॅन्डल त्या झुकावाच्या मागे उजवीकडे येतं. मोकळ्या मैदानावर, बऱ्यापैकी वेगात असताना, उजव्या मुठीला तळहाताने अगदी हलकेच पुढे रेटून बघा. सायकल उजवीकडे जाते. हे तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या असल्यापासून करत आलात, तेही दांड्याखालून पाय घालून, म्हणजे अख्खं शरीर एका बाजूला लोंबकळत असताना. कुणी शिकवलं नव्हतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे हेही तुम्हाला माहीत नव्हतं.

आणि शास्त्रज्ञांचं काय? मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइसने पहिली दुचाकी पळवली ती १८१७ साली. पुढे बरीच वर्षं सांगितलं जायचं की फिरतं चाक भोवऱ्यासारखं वागतं म्हणून सायकल पडत नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक बसवून भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला. सायकल तरीही चालवता आली. मग २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात संशोधकांनी एक विचित्र सायकल मांडली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नव्हता, आणि पुढचं चाक आपोआप सरळ राहावं म्हणून सायकलींच्या घडणीत जो एक मागे ओढणारा कल ठेवलेला असतो, तोही नव्हता. तरी ढकलून दिली की ती स्वार नसतानाही तोल सावरत चालत राहायची. थोडक्यात, या खात्याचा ताळा जुळवायचं काम जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही चालूच होतं, आणि तोवर पोरंसोरं खुशाल सायकली चालवत होती. तुम्ही दोन महिने थांबलात. पूर्ण समजेपर्यंत थांबायचं ठरवलंत तर अवघड आहे.

मग काहीच न समजता निघायचं का? नाही. पण सायकल समजते ती एकेका तक्रारीतून, आणि तुमच्याकडे दोन तक्रारी तयार आहेत. अभ्यासक्रम तोच.

आधी गुडघे. तुम्ही लिहिलंय की सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात, म्हणजे उंची बरोबरच आहे. ही समजूत फार जणांची असते. आता जरा मोजून बघा: पेडल अगदी खाली असतं तेव्हाही ते जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर वर असतं. म्हणजे जमिनीला आरामात टेकणारा पाय पेडलवर कधीच सरळ होत नाही. तो कायम दुमडलेलाच राहतो आणि दुमडलेल्या गुडघ्यावर प्रत्येक फेरीत जोर पडतो. गुडघा पुढून दुखतोय, वाटीच्या आसपास, तर पहिला संशय सीट खाली असल्याचाच घ्यायचा.

उंची ठरवायची ती अशी. सायकल भिंतीला लागून उभी करा, सीटवर बसा, एक पेडल पार खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर त्या बाजूला कलू न देता. नंतर टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक उरतो, तेवढाच हवा असतो. मात्र एका दिवसात चार सेंटिमीटर चढवू नका. एकेक सेंटिमीटर वर घ्या आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस चालवून बघा. गुडघा मागून दुखायला लागला किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवी डोलायला लागली, तर जास्त झालं. सीटच्या नळीवर एक आडवी खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर नळी तिथे मोडू शकते. इतकं करूनही दुखणं राहिलं तर सायकल बाजूला ठेवा आणि गुडघा डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही म्हणाल, पाय टेकले नाहीत तर थांबायचं कसं? सीटवर बसून थांबायचंच नसतं. ब्रेक लावता लावता सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय खालच्या पेडलवर आणि दुसरा जमिनीवर. निघताना एक पेडल पुढे-वर आणायचं, उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे. त्यावर उभं राहिलं की सायकल चालू लागते, आणि मग बसायचं. हे मैदानात वीस वेळा करा. वीस म्हणजे वीस. माझ्या मते पन्नाशीत पुन्हा सुरुवात करणाऱ्यांची निम्मी भीती या एका गोष्टीने जाते. ती भीती बहुतेक वेळा चालवण्याची नसतेच, थांबण्याची असते.

आता पडलेली चेन. इथे तुमचा व्यवसाय कामाला येतो, कारण गिअर म्हणजे निव्वळ जमाखर्च आहे. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरू. पुढे २८ आणि मागे ३२ दाते असताना पेडलच्या एका फेरीत चाक पूर्ण फेरीही घेत नाही, सायकल १.९ मीटर सरकते. पुढे ४८ आणि मागे ११ असताना तीच एक फेरी तुम्हाला ९.६ मीटर नेते. पाचपट. पण फुकट काही मिळत नाही: पाचपट अंतर हवं तर पायानेही पाचपट जोर द्यायचा. चढावर जोर परवडत नाही, म्हणून अंतर सोडायचं आणि फेऱ्या वाढवायच्या. एवढंच आहे ते. आणि '२४ गिअर' या आकड्याला भुलू नका, तुम्ही तर मुळीच भुलू नये. ४८ ला २४ लावा किंवा ३८ ला १८, सायकल जवळपास सारखीच चालते. एकाच पावतीच्या दोन नोंदी आहेत त्या.

गटातल्यांचा तो 'केडन्स' म्हणजे पेडलच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, दुसरं काही नाही. नवखी माणसं जड गिअरवर मिनिटाला ५०-५५ फेऱ्या मारतात आणि मांड्या भरून येतात. मुरलेले ८०-९० वर असतात. तुम्ही ७० च्या आसपास पुरे. पुढे ३८ आणि मागे २१ लावून ७० फेऱ्या मारल्यात तर मिनिटाला २८० मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ १७ किलोमीटर. रपेटीला याहून जास्त वेग कशाला हवा?

चेन पडली ती तुमच्या अडाणीपणामुळे नव्हे. गिअर बदलतो तो डिरेलर चेनला फक्त बाजूला ढकलतो. शेजारच्या चक्रावर चढायचं काम चेन फिरता फिरता स्वतः करते. मागचा डिरेलर चेनला धरतो तो तिच्या खालच्या, सैल भागात. पुढचा मात्र वरच्या ताणलेल्या भागाला ढकलतो. चढावर जिवाच्या आकांताने पेडल दाबत असताना डाव्या हाताने पुढचा गिअर बदललात, तर ती ताठ चेन दात्यांवर बसणार कशी? ती आत घसरते. म्हणून गिअर चढाच्या पायथ्याशी टाकायचा, चढावर नव्हे; आणि बदलताना पेडल फिरत ठेवायचं, पण जोर क्षणभर काढून घ्यायचा. दोन जिन्यांच्या मधल्या सपाटीवर माणूस पिशवी या हातातून त्या हातात घेतो, तसं.

पहिला महिनाभर तर डाव्या हाताचा गिअर विसरूनच जा. चेन पुढच्या ३८ वर ठेवा आणि सगळं उजव्या हाताने, मागच्या आठात भागवा. तुमच्या कॉलनीबाहेरच्या त्या एका चढासाठी तेवढी खाली २८ वर आणा, पायथ्याआधी. आणि तरीही पडलीच चेन, तर सीटखाली एक जुनं फडकं खोचलेलं असू द्या. मागच्या डिरेलरची खाली लोंबणारी दांडी पुढे ढकलली की चेन सैल पडते. पुढच्या छोट्या चक्राच्या दात्यांवर ती चार-पाच कड्या अडकवा, मागचं चाक उचलून पेडल हाताने पुढे फिरवा. खट् करून बसते. घरी मुद्दाम दोनदा पाडून बसवून बघा, म्हणजे रस्त्यात कानकोंडं व्हायला होणार नाही.

आता तुमचे तीन पर्याय. बिनगिअरची साधी सायकल मला स्वतःला फार आवडते, कटकट कमी. पण सपाटीला. तुमच्या दारातच चढ आहे आणि गुडघे आधीच कुरकुरताहेत, तेव्हा गिअर विकून टाकणं म्हणजे दुखण्यावरचा इलाज विकणं. महागड्या सायकलीचा हिशेब तुम्हीच करा: तुम्ही आणि सायकल मिळून ७५ किलो धरले आणि नवी सायकल २ किलोंनी हलकी असली, तर चढावर वाचणार ३ टक्क्यांहून कमी, सपाटीवर त्याहूनही नगण्य. टायरमध्ये नीट हवा भरली तर कदाचित याहून जास्त फरक जाणवेल, कारण महिनोन्‌महिने उभी असलेली सायकल हमखास हवा उतरलेली असते. ट्यूब पंक्चर नसली तरी तिच्यातून हवा झिरपते. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, काटा असलेला पंप वापरा. कमी हवेत चाक खड्ड्यात आदळलं की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. पंक्चर काढताना तशी जोडी दिसली तर काट्या-खिळ्याला दोष देऊ नका.

विकायला एकच कारण मला पटेल, आणि ते तुमच्या पत्रात नाही: मुलीची उंची. ती तुमच्यापेक्षा खूप उंच असेल तर सीट खाली-वर करूनही हॅन्डल लांबच पडणार, पाठ आणि मनगटं बोलणार. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून जमिनीवर उभ्या राहा. दांडा टोचत असेल, आणि सीटवरून हॅन्डल धरताना कोपर ताठ होत असतील, तर सायकल मापाची नाही. मग बदला, बिनदिक्कत.

नाद सोडण्याबद्दल मी काही बोलत नाही. ज्या बाईने खडू घेऊन दाते मोजले ती सोडणार नाही.

रविवारच्या गटाला मात्र सध्या नाही म्हणा. अंतरामुळे नव्हे, वेगामुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. तुम्ही २० च्या वेगात मजेत जात असलात आणि गट २५ ने चालला असेल, तर ऐकायला फरक पाचाचा. हवेशी झुंजायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते. नव्या माणसाला हे माहीत नसतं, तो 'आपल्यातच काही कमी आहे' म्हणून घरी येतो आणि सायकल पुन्हा जिन्याखाली जाते. आधी महिना-दीड महिना एकटीने, आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास. त्यानंतर गटाला सरळ विचारा, मागे पडणाऱ्यासाठी कुणी थांबतं का? थांबत असतील तर त्यांच्याबरोबर १० किलोमीटर जा आणि तिथून परत फिरा. ४० पूर्ण केलेच पाहिजेत असं कुणाशी ठरलंय?

ज्यांना लहानपणी सायकल शिकताच आली नाही अशा वाचकांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी जाता जाता. कुणाला तरी मागून सीट धरायला लावू नका, धरणारा तुम्हाला तोल शिकू देत नाही. दोन्ही पेडलं काढून टाका, सीट इतकी खाली घ्या की तळपाय पूर्ण टेकतील (होय, फक्त शिकताना), आणि पायांनी जमीन रेटत मैदानात फिरा. ड्राइसची दुचाकी अशीच होती, तिला पेडल नव्हतंच. पाय उचलून दहा-पंधरा मीटर तरंगता आलं की पेडलं परत बसवायची. काढताना एक सांभाळा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी पहिल्यांदा डावं पेडल काढायला गेले तेव्हा अर्धा तास घाम गाळून ते आणखी घट्ट करत बसले होते, शेवटी पाना निसटून बोटाची सालपटं निघाली. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूला उभा धरा, मागच्या चाकाकडे वळवला की दोन्ही पेडलं सुटतात, पुढच्या चाकाकडे वळवला की आवळतात.

निघण्यापूर्वी रोज मिनिटभर द्या. हवा बघा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे रेटून बघा, पुढचा दाबून रेटल्यावर मागचं चाक उचलायला बघतं का? तोच खरा थांबवणारा ब्रेक, कारण थांबताना सगळं वजन पुढे येतं. त्याला घाबरून फक्त मागचा वापरणाऱ्यांची चाकं घसरतात. दोन्ही एकत्र, हळूहळू वाढवत दाबायचे. चाक फ्रेमला घट्ट धरून ठेवणारा खटका मुडपून बंद आहे ना तेही पाहा. तो स्क्रूसारखा फिरवून ठेवण्याची चूक भलेभले करतात. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा असू द्या. चाकाचा आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), बेअरिंग उघडणं असली कामं मेकॅनिकला द्या आणि शेजारी उभं राहून बघा. त्याला प्रश्न विचारायला संकोचू नका, हिशेब तपासताना तुम्ही कुठे संकोचता?

राहता राहिला तुमचा ताजा कलम: पाय थांबवले की मागून टिकटिक येते, तो बिघाड आहे का? नाही. मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या भागात, दातेरी कडं असतं आणि स्प्रिंगने उचललेल्या बारीक खिट्ट्या. पेडल मारताना खिट्ट्या दात्यांत अडकून चाकाला ओढतात. पाय थांबले की चाक पुढे पळतं आणि खिट्ट्या दात्यांवरून घसरत जातात, तो हा आवाज. अशी सोय नव्हती तोवर उतारावरही पाय पेडलबरोबर गरगर फिरत राहायचे. मागचं चाक उचलून पेडल एकदा जोरात मारा आणि सोडून द्या, टिकटिक मंदावत चाकाबरोबरच थांबेल.